चार वह्या आणि एक बोलका लॅपटॉप

गेल्या पंधरवड्यात फोंडा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले. ते त्यांनी भाचीकडून लिहवून घेतले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

‘मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. काचबिंदूमुळे गेल्या चार वर्षांत नजर कमी होत गेली आणि आता उजेड-अंधार एवढाच कळतो. पूर्वी अक्षरे मोठी करून जुन्या संगणकावर काम करीत असे. यंदा चवथीला धाकटा मुलगा पुण्याहून आला, तो नवा लॅपटॉप घेऊनच. जुन्यावर नवे विंडोज चढणार नाही, म्हणाला. त्यात एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, घातला, दोन दिवस शिकवले आणि तो परत गेला. आता लॅपटॉप सुरू केला की तो इंग्रजीत भरधाव बोलत सुटतो, मराठी मजकूर आला की गप्प होतो, आणि मी कुठे आहे ते मला कळत नाही. थोरली सून शेजारी बसते, पण ‘थांबा आई, मी करते’ म्हणत माउस हातात घेते. मोबाईलवर बोलून संदेश जातात, मग संगणक हवाच कशाला, असेही घरात म्हणतात. मला मात्र आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या आणि धालो या आमच्याकडच्या बायकांच्या लोकनृत्याची गीते टंकून ठेवायची आहेत. चार वह्या आहेत. वय त्रेसष्ट. हे मला जमेल काय, की लॅपटॉप नातवाला देऊन टाकू?’

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

लॅपटॉप नातवाला देऊ नका. त्याला लॅपटॉप मिळण्याचे पुष्कळ मार्ग आहेत. तुमच्या वह्यांना मात्र सध्या हा एकच दिसतो. मुलाने घेतलेला निर्णय योग्य होता, हेही आधीच सांगून टाकतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे पाठबळ थांबवले आणि बरेच जुने संगणक विंडोज ११ स्वीकारत नाहीत. तेव्हा जुन्याला चिकटून राहण्यात फारसे हशील नव्हते. दोन दिवसांत शिकवून तो गेला, हे मात्र घाईचे झाले. डोळस माणसाला नवा संगणक दोन दिवसांत हाताळता येतो; तुम्ही नवा संगणक आणि तो वापरण्याची नवी पद्धत अशा दोन गोष्टी एकदम शिकत आहात.

तुमच्या पत्रातले कळीचे वाक्य ‘मी कुठे आहे ते मला कळत नाही’ हे आहे. तुम्ही अनेक वर्षे डोळ्यांनी संगणक वापरला आहे. त्यामुळे आवाज कानावर पडला की तुमचे मन त्याला लगेच जागा शोधू लागते: हे बटण डाव्या कोपऱ्यात असेल, फुली उजवीकडे वर असेल, मजकूर मधोमध असेल. स्क्रीन रीडर असले चित्र रंगवत नाही. पडद्यावरच्या सगळ्या वस्तू तो एका रांगेत लावतो आणि त्या रांगेत तुम्ही ज्या वस्तूपाशी उभ्या आहात, तिचे नाव व प्रकार सांगतो. जन्मापासून ज्यांना दिसत नाही अशा मुलांना हे समजायला वेळ लागत नाही, कारण त्यांच्या मनात पुसून टाकण्यासारखे चित्रच नसते. तुमच्या-माझ्यासारख्यांना, म्हणजे ज्यांची नजर मध्यावर गेली त्यांना, ते चित्र आडवे येते. शिवाय ते चित्र आता जुनेही झाले आहे: विंडोज ११ने स्टार्टचे बटण डाव्या कोपऱ्यातून उचलून खालच्या पट्टीच्या मध्यभागी नेले आहे आणि कित्येक डोळस लोक त्यावरून कुरकुरत आहेत. तुम्हाला त्याचे सोयरसुतक नाही. कीबोर्डवरची विंडोजची कळ होती तिथेच आहे.

फोंड्याहून पणजीला जाणारी बस डोळ्यांपुढे आणा. नजर चांगली होती तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघून कुठवर आलो ते ओळखत होता. आता ओळखता ते क्रमावरून: फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे, पणजी. मंगेशी रस्त्याच्या कोणत्या अंगाला आहे याचा विचार न करताही म्हार्दोळ गेले की मंगेशी येणार, हे पक्के ठाऊक असते. स्क्रीन रीडरवर टॅब ही कळ दाबणे म्हणजे पुढच्या थांब्यावर जाणे, आणि शिफ्टसह टॅब दाबणे म्हणजे मागच्या थांब्यावर येणे. पुढे इंटरनेटवर वर्तमानपत्र वाचू लागाल तेव्हा नुसते ‘एच’ हे अक्षर दाबून एका मथळ्यावरून थेट पुढच्या मथळ्यावर जाता येईल. मधले बारीकसारीक थांबे न घेणारी ती आपली शटल बस समजा. तेव्हा ‘हे पडद्यावर कुठे आहे’ असा प्रश्न मनात आला की तो सोडून द्या आणि ‘याच्या आधी काय होते, नंतर काय येईल’ एवढेच विचारा. पहिले काही दिवस हे मुद्दाम करावे लागेल.

आता बोलण्याविषयी. लॅपटॉपला बोलायला लावण्याआधी त्याला गप्प करायला शिका. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यातली कंट्रोल कळ एकदा दाबली की चालू असलेले वाचन तत्काळ थांबते आणि बाकी काहीच बिघडत नाही. सगळ्या विद्येत मी ही पहिली मानतो, कारण भरधाव आवाजापुढे माणूस घाबरतो तो त्याला थांबवता येत नाही म्हणून. वर्गात गोंगाट झाला की तुम्ही डस्टर टेबलावर आपटत असाल. कंट्रोल हे ते डस्टर.

एनव्हीडीएची स्वतःची एक खास कळ असते, जी दाबून धरून दुसरी कळ दाबली की आज्ञा जाते. मुळात ती इन्सर्ट असते, पण लॅपटॉपवर इन्सर्ट कुठेतरी अडगळीत दडलेली असते. म्हणून एनव्हीडीए सुरू होताना येणाऱ्या स्वागताच्या चौकटीत कॅप्स लॉक ही खास कळ म्हणून वापरण्याचा पर्याय मुलाला निवडायला सांगा आणि त्याच चौकटीत कीबोर्डची मांडणी ‘लॅपटॉप’ अशी ठेवायला सांगा. यापुढे मी ‘खास कळ’ म्हणेन तेव्हा डाव्या करंगळीपाशी असलेली कॅप्स लॉक समजावी. तिच्यावर एक टिकली चिकटवा. मखमली टिकली बोटाला नेमकी लागते आणि झिजली की दुसरी लावता येते. एक टिकली डाव्या कंट्रोलवर, एक डिलीटवर, बस. सगळ्या कळांवर टिकल्या लावणारे उत्साही मदतनीस मी पाहिले आहेत. सगळीकडे खूण असली की कुठेच खूण नसल्यासारखे होते. एफ आणि जे या दोन कळांवर कारखान्यातूनच बारीक उंचवटे आलेले असतात, ते दोन्ही तर्जन्यांचे घर. त्यांच्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

आवाजाचा वेग कमी करण्यासाठी खास कळ आणि कंट्रोल धरून व्ही दाबा. आवाजाच्या पर्यायांची चौकट उघडेल. टॅब दाबत ‘रेट’ हा शब्द ऐकू येईपर्यंत जा, खालच्या बाणाने वेग उतरवा आणि एंटर दाबा. तुमच्या बोलण्याच्या वेगापेक्षा थोडा कमी ठेवा. अनुभवी लोक इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला ती केवळ खरखर वाटते. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. दोन-तीन महिन्यांनी वेग तुम्हालाच रेंगाळल्यासारखा वाटू लागेल, तेव्हा वाढवा.

यानंतरचे तीन दिवस फक्त एक खेळ खेळा. खास कळ धरून १ दाबा. ‘इनपुट हेल्प ऑन’ असे ऐकू येईल. आता कीबोर्डवरची कोणतीही कळ दाबा: लॅपटॉप तिचे नाव सांगेल, तिचे एनव्हीडीएत काही काम असेल तर तेही सांगेल, पण प्रत्यक्षात काहीही करणार नाही. काही पुसले जाणार नाही, काही पाठवले जाणार नाही. पुन्हा खास कळ आणि १ दाबली की खेळ संपतो. ‘काहीतरी बिघडेल’ ही धास्ती तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवते. ही एकच जागा अशी आहे की जिथे बिघडूच शकत नाही.

माझे स्वतःचे एक लाजिरवाणे प्रकरण येथे सांगतो. नजर गेल्यावर मी पहिल्यांदा एनव्हीडीए वापरू लागलो, त्या आठवड्यात एका संध्याकाळी संगणक एकाएकी मुका झाला. बंद केला, चालू केला, दोन दिवस वाट पाहिली. शेवटी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने सगळे पुसून विंडोज नव्याने घातले, पैसे घेतले, आणि माझी वर्षभराची पत्रे त्यात गेली. पुढे कळले की मी चुकून खास कळ आणि एस दाबले होते, ज्याने बोलण्याची पद्धत बदलते, आणि बदलत बदलत ती ‘बंद’वर येऊन थांबली होती. तीच जोडी आणखी दाबली असती तर आवाज परत आला असता. म्हणून तुम्हाला तीन उपाय क्रमाने सांगतो. लॅपटॉप गप्प झाला तर आधी खास कळ आणि एस, सावकाश, दोन-चार वेळा. तरी आवाज नाही तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम. मुलाने नेहमीच्या पद्धतीने बसवले असेल तर एनव्हीडीए नव्याने सुरू होतो. तरीही नाही, तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर. त्याने विंडोजमध्येच असलेला नॅरेटर हा दुसरा वाचक बोलू लागतो आणि निदान काय चालले आहे ते समजते. हे तीन उपाय भाचीला एका कागदावर ठळक लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायला सांगा. दुरुस्तीवाल्याला बोलवायचेच झाले तर त्याला ‘आधी विचारल्याशिवाय काही पुसू नका’ हे दारातच सांगा.

‘मी कुठे आहे’ याचे उत्तर लॅपटॉपलाच विचारता येते. खास कळ आणि टी दाबले की कोणती खिडकी उघडी आहे तिचे नाव कळते; खास कळ आणि टॅब दाबले की त्या खिडकीत तुम्ही नेमक्या कशावर आहात ते कळते. आधी टी, मग टॅब: गाव कोणते आणि घर कोणते. भलत्याच ठिकाणी आला असाल तर एस्केप दाबा, बहुतेक चौकटी त्याने मिटतात. तरी उलगडत नसेल तर विंडोज आणि डी दाबून डेस्कटॉपवर या आणि पुन्हा सुरुवात करा. मी इतक्या वर्षांनंतरही दिवसातून चार-पाचदा हेच करतो. मेनूंची भाषा इंग्रजीच असू द्या. त्यात वारंवार येणारे शब्द, म्हणजे एडिट, बटन, चेक बॉक्स, कोलॅप्स्ड, अनअव्हेलेबल असे दहा-पंधराच आहेत आणि ते तुम्हाला शिकवण्याची गरज नाही.

मराठी मजकुरापुढे तो गप्प का होतो, याचे कारण साधे आहे. सध्या लावलेला आवाज इंग्रजीचा आहे आणि त्याला देवनागरी अक्षर वाचताच येत नाही. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी नावाचा आवाजांचा संच फुकट येतो आणि त्यात मराठी आहे. खास कळ, कंट्रोल आणि एस दाबून तो संच निवडायचा आणि मग आवाजाच्या चौकटीत मराठी निवडायची. आवाज यांत्रिक आहे, हे आधीच सांगतो. पहिल्या दिवशी तुम्हाला तो एखाद्या रागावलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा वाटेल. हेमंत आणि कल्पना हे विंडोजचे हिंदी आवाज कानाला गोड आहेत आणि देवनागरी असल्यामुळे मराठीही वाचतात, परंतु हिंदीच्या चालीने, आणि मराठीच्या शिक्षिकेला ते ऐकवणार नाही. माझे मत असे की लिहिताना मराठी ईस्पीक वापरावा, कारण त्यात शब्दातली चूक लवकर कानात खुपते. मुलाला सांगून एनव्हीडीएत मराठीसाठी वेगळे ‘प्रोफाइल’, म्हणजे जतन केलेल्या पर्यायांचा संच, करून घ्या आणि त्याला एक शॉर्टकट नेमून घ्या, म्हणजे एका दाबात इंग्रजीवरून मराठीवर येता येईल.

आता टंकलेखन, कारण तुमच्या वह्यांचे सगळे काम यावरच अवलंबून आहे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडताना दोन प्रकारचे कीबोर्ड मिळतात. एक ‘फोनेटिक’, ज्यात इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून शब्द निवडायचा. दुसरा नुसता ‘मराठी’, म्हणजे इन्स्क्रिप्ट. बहुतेक डोळस लोक पहिला घेतात. तुम्ही दुसरा घ्या. पर्यायांची यादी दर शब्दाला ऐकत बसणे हा स्क्रीन रीडरवर निव्वळ छळ आहे, तर इन्स्क्रिप्टमध्ये एका कळेला एकच चिन्ह, निवडानिवड नाही. आणि खरे सांगायचे तर इन्स्क्रिप्ट व्याकरण शिकवलेल्या माणसासाठीच केल्यासारखा आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. कळ नुसती दाबली की अल्पप्राण, शिफ्ट धरून दाबली की महाप्राण: के या कळेवर क आणि शिफ्टसह ख, आयवर ग आणि घ, एलवर त आणि थ, एचवर प आणि फ. स्वरांच्या बाजूला नुसती कळ म्हणजे काना-मात्रा, आणि शिफ्ट धरून तीच कळ म्हणजे पूर्ण स्वर: ईवर काना आणि आ, एसवर मात्रा आणि ए. तर्जन्यांच्या घरात, म्हणजे एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर र. डाव्या मधल्या बोटाखाली डी, त्यावर पाय मोडण्याचे चिन्ह. जोडाक्षर हवे तर व्यंजन, पाय मोडणे, व्यंजन. ळ हवा तर एनवर शिफ्ट, ण हवा तर सीवर शिफ्ट. ‘दुसऱ्या’मधला ऱ जेवर शिफ्ट धरून येतो, त्यामुळे ‘दुसर्‍या’ आणि ‘आचार्य’ यांतला भेद वर्गात समजावताना तुमची जी दमछाक होत असे, ती येथे बोटांनाच कळते.

सुरुवात अशी करा. विंडोजची कळ दाबा, इंग्रजीत ‘नोटपॅड’ टंका आणि एंटर दाबा. कोरे पान उघडेल. विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड मराठीवर आणा. लॅपटॉप भाषेचे नाव सांगेल. आता ‘धालो’ लिहा. उजव्या अनामिकेने शिफ्टसह ओ: ध. डाव्या मधल्या बोटाने ई: काना. उजव्या तर्जनीने एन: ल. डाव्या करंगळीने ए: ओकार. उजवा, डावा, उजवा, डावा. मराठी शब्दात व्यंजन आणि स्वर आलटून पालटून येतात म्हणून हातही आलटून पालटून पडतात, आणि आठवडाभरात त्याला फुगडीसारखा ठेका येतो. मग ‘ओवी’: शिफ्टसह ए, मग बी, मग आर. यात इंग्रजी अक्षरांची नावे मी केवळ कळ ओळखण्यापुरती सांगत आहे. पंधरा दिवसांनी ती विसरा.

ऱ्हस्व वेलांटीबद्दल एक सूचना. कागदावर आपण ती अक्षराच्या आधी काढतो. येथे ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर टंकायची. ‘कि’ म्हणजे आधी क, मग वेलांटी. हाताची जुनी सवय आडवी येईल, कान मात्र चटकन साथ देतील. चूक पुसताना बॅकस्पेस सहसा एकेक चिन्ह पुसते, म्हणजे ‘कि’वर आधी वेलांटी जाईल आणि क राहील, पुढच्या बाजूने डिलीट दाबले तर सहसा अख्खे अक्षर जाते. हा फरक कोणी सांगत नाही आणि नवशिका त्यातच फसतो. लिहिलेले तपासताना उजव्या बाणाने अक्षर-अक्षर, कंट्रोल धरून उजव्या बाणाने शब्द-शब्द, आणि वर-खालच्या बाणांनी ओळ-ओळ ऐकता येते. खास कळ आणि २ दाबून टंकलेले प्रत्येक चिन्ह बोलण्याची सोय चालू-बंद होते, आणि खास कळ व ३ दाबून पूर्ण शब्द बोलण्याची. पहिला महिना चिन्हे चालू ठेवा. नंतर ती बंद करून फक्त शब्द चालू ठेवा, नाहीतर लिहिताना कान किटतात.

सराव सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी वीस मिनिटे, त्याहून जास्त नको. तुम्हाला तोंडपाठ असलेला मजकूरच टंका. नवे शब्द सुचवणे आणि कळा शोधणे ही दोन कामे एकदम केली की डोके शिणते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. खास कळ, शिफ्ट आणि बी दाबले की किती बॅटरी उरली ते कळते. कंट्रोल आणि एस दाबून लेखन जतन करण्याची सवय मात्र वीज असताना-नसताना सारखीच हवी.

तुमच्याकडे शाळेच्या काळातल्या जुन्या मराठी फाइली असतील आणि नव्या लॅपटॉपवर त्या उघडल्यावर तो इंग्रजी अक्षरांचा काला वाचू लागला, तर घाबरू नका. पूर्वी डीटीपीसाठी, म्हणजे संगणकावरच्या छपाईच्या मांडणीसाठी, वापरल्या जाणाऱ्या श्री-लिपी, शिवाजी अशा फाँटांत वरवर देवनागरी दिसे, आत मात्र इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत. स्क्रीन रीडरला दिसणे ठाऊक नाही, त्याला संकेत ठाऊक. अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीला स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, बदलून देणारे परिवर्तक मिळतात. ते काम भाचीवर सोपवा. याच न्यायाने, कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफही त्याच्यासाठी कोरी असते. हातच्या अक्षरातल्या तुमच्या वह्या फोटो काढून आपोआप मजकुरात आणण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तर त्यात वेळ घालवू नका. ओव्यांतली बोली, अर्धवट ओळी आणि पेन्सिलीने मागाहून घातलेले शब्द यंत्राला झेपत नाहीत.

सुनेबद्दल. तिचा हेतू चांगला आहे, आणि तिची अडचणही खरी आहे: तुम्हाला काय ऐकू येते ते तिला उमगत नाही, म्हणून तिला वाटते तुम्ही अडलात. एनव्हीडीएच्या मेनूत, जो खास कळ आणि एनने उघडतो, ‘टूल्स’मध्ये ‘स्पीच व्ह्यूअर’ आहे. तो लावला की लॅपटॉप जे जे बोलतो ते पडद्यावर अक्षरांत उमटत जाते. ते वाचत ती शेजारी शांत बसू शकेल. माउस महिनाभर कपाटात ठेवा आणि लॅपटॉपच्या स्पर्शपट्टीवर जाड पुठ्ठा चिकटवा. तिने ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘वर उजवीकडे’ हे शब्द वापरायचे नाहीत. कळेचे नाव सांगायचे किंवा गप्प राहायचे. हे पत्र तिलाच वाचून दाखवायला सांगा, म्हणजे तुम्हाला वेगळे बोलावे लागणार नाही. मुलाला दोन दिवसांची भरपाई पुण्यातूनही करता येईल: एनव्हीडीएच्या २०२५.१ या आवृत्तीपासून त्यात दूरस्थ जोडणीची सोय आहे. त्याने स्वतःच्या संगणकावर एनव्हीडीए घातला आणि दोघांनी एकच परवलीचा शब्द दिला की तुमच्या लॅपटॉपचा आवाज त्याला तिकडे ऐकू येतो. रविवारी अर्धा तास पुरे. त्यालाही पैसे पडणार नाहीत. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी, जे स्वतः अंध आहेत, २००६ मध्ये सुरू झालेले हे काम सर्वांसाठी मोफत ठेवले आहे.

इंटरनेट, बँक, ई-मेल यांची घाई पहिल्या तीन महिन्यांत करू नका. पुढे कराल तेव्हा कधी कधी एखाद्या पानावर ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू येईल. तो तुमचा दोष नव्हे. पान बनवणाऱ्याने त्या बटणांना नावे दिलेली नसतात. कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून ओळख पटवा, असे सांगणारी संकेतस्थळेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या निकालात अशा व्यवस्था सर्वांना वापरता येण्याजोग्या करण्याचे निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल लागला म्हणून पान उद्याच सुधारेल असे नाही, पण अडल्यावर स्वतःला बोल लावू नये एवढे तरी त्यातून घेता येते. वाचनाची ओढ लागली तर सुगम्य पुस्तकालय या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ऑनलाइन ग्रंथालयाचे सभासद व्हा; दृष्टिदोषाचे प्रमाणपत्र लागते.

‘मोबाईल असताना संगणक कशाला’ याचे उत्तर एका वाक्यात देता येते: मोबाईलवर बोलून निरोप जातो, ओवी नीट लागत नाही. बोलून लिहवलेल्या मजकुरात यंत्र बोली शब्द सरळ प्रमाण मराठीत ‘सुधारून’ टाकते, आणि तुमच्या वह्यांची किंमत त्या न सुधारलेल्या शब्दांतच आहे.

तेव्हा चार वह्यांपैकी ज्या वहीतल्या ओव्या तुम्हाला सर्वांत जास्त पाठ आहेत तिच्यापासून आरंभ करा, सर्वांत जुनीपासून नव्हे. भाचीने एक ओळ वाचावी, तुम्ही ती टंकावी, मग वरच्या बाणाने ऐकावी, तिने वहीशी ताडून पाहावी. दर ओवीला वेगळी फाइल करू नका. वहीला एक फाइल, नाव ‘वही १’ असे साधे, आणि दर शनिवारी तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर. पहिली दहा ओव्यांची फाइल झाली की भाचीकडून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. त्यातल्या चुका मात्र दुरुस्त करून पाठवू नका. कोणत्या चुका पुन्हा पुन्हा येतात त्यावरून कोणते बोट कुठे घसरते ते मला कळेल, आणि पुढच्या महिन्याचा सराव त्याप्रमाणे सांगता येईल.